मेंदूतला रंगाचा हिशेब

कापडाच्या दुकानातला एक प्रसंग बहुतेक पालकांच्या परिचयाचा असेल. ओढणी पसंत पडते, भाव ठरतो, दुकानदार कात्री हातात घेतो आणि ऐनवेळी बरोबरची एखादी जाणती बाई म्हणते, "जरा बाहेर उजेडात नेऊन बघू." दुकानदार कुरकुरतो, पण कापड रस्त्यावर येतेच. आणि ट्यूबलाइटखाली कुर्त्याशी अगदी जुळलेला मोरपिशी रंग उन्हात भलताच निघतो.

आपण म्हणतो, डोळ्यांनी फसवले. वस्तुतः नवल वाटायला हवे ते याच्या उलट गोष्टीचे. असे फसणे इतके क्वचित का घडते? सकाळच्या उन्हात पांढरा दिसणारा सदरा ढगाळ दुपारी पांढराच दिसतो आणि रात्री जुन्या पद्धतीच्या पिवळ्या दिव्याखालीही पांढराच दिसतो. तारेच्या दिव्याच्या प्रकाशात तांबड्या अंशाचे प्रमाण दिवसाच्या प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक असते. ज्यांच्या घरी कॅमेऱ्याच्या रोलवर काढलेल्या लग्नाचे जुने आल्बम आहेत त्यांनी ते उघडून पाहावेत. फ्लॅश न वापरता दिव्याखाली काढलेल्या फोटोंत भिंती, सदरे, चेहरे सारे पिवळेधमक आले आहेत. फिल्मने प्रामाणिकपणे जे आले ते टिपले. आपण मात्र त्याच खोलीत उभे होतो आणि आपल्याला पिवळे काही दिसले नव्हते. दिव्याचा पिवळेपणा आपल्या नकळत कोणीतरी वजा केला होता.

ही वजाबाकी कोण करतो, कोठे करतो आणि कोणत्या रीतीने करतो, याचा शोध सुमारे हजार वर्षे चालू आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत तर हा हिशेब संगणकाकडून करवून घेण्याचे प्रयत्न झाले. त्या शोधाचा हा धावता आढावा आहे.

आरंभ बसऱ्यापासून करणे भाग आहे. अबू अली अल-हसन इब्नुल हैसम याचा जन्म तेथे सुमारे 965 साली झाला आणि मृत्यू सुमारे 1040 साली कैरो येथे. उत्तरायुष्यात तो अल-अझहरच्या परिसरात राहून गणिती ग्रंथांच्या नकला करून पोट भरीत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. 'किताबुल मनाझिर' हा त्याचा सात खंडांचा ग्रंथ दृष्टी आणि प्रकाश यांविषयी आहे. बहुतेकांना त्याची ओळख आहे ती डोळ्यांतून किरण बाहेर पडतात हे जुने मत खोडणारा म्हणून. आपल्या विषयाशी मात्र त्याच्या दुसऱ्या खंडाचा संबंध अधिक आहे. तेथे तो म्हणतो की, प्रकाश रंगाला सोडून डोळ्यात येत नाही आणि रंग प्रकाशाला सोडून येत नाही, दोन्ही मिसळूनच येतात. तरीही पाहणाऱ्याला प्रकाश वेगळा आणि वस्तूचा रंग वेगळा हे उमगते. म्हणजे मिसळलेले कोठेतरी निवडले जाते, आणि निवडण्याचे हे काम डोळ्याचे एकट्याचे नसून विवेकशक्तीचे आहे. ती शक्ती इतक्या झपाट्याने काम करते की निवाडा झाला हे आपल्या ध्यानातही येत नाही.

त्याच ठिकाणी भोवऱ्याचा एक प्रयोग आहे. भोवऱ्यावर निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढून तो जोराने फिरवला की कोणताच पट्टा दिसत नाही, सर्वांहून निराळा असा एकच रंग दिसतो. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मोठा मार्मिक आहे. रंग ओळखायला वेळ लागतो. काहीतरी रंगीत समोर आहे एवढे आधी कळते आणि तो कोणता रंग हे मागाहून कळते. वेळ लागतो याचा अर्थ आत काही काम चालते.

येथे थोडे थांबणे जरूर आहे. आपल्या समारंभांत एक टाळ्यांचे वाक्य नेहमी ऐकू येते : युरोपाने जे शोधले ते सारे आमच्या पूर्वजांनी आधीच शोधले होते. प्रस्तुत लेखकानेही तरुणपणी ते व्यासपीठावरून म्हटले आहे. आज ते म्हणवत नाही. इब्नुल हैसमला दृष्टिपटलाचे खरे कार्य माहीत नव्हते. संवेदना डोळ्यातील स्फटिकासारख्या भागात, म्हणजे भिंगात, घडते असे तो मानीत होता. फिरत्या रंगांचा प्रयोग त्याच्याही आधी टॉलेमीने वर्णिला होता. मोठेपणा कशात, तर त्याने टॉलेमी वाचला आणि त्याच टॉलेमीविषयीच्या शंकांचा एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणातील कमालुद्दीन फारसी याने 'मनाझिर'वर भाष्य लिहिताना हाच न्याय इब्नुल हैसमला लावला. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलात किरण कसे वळतात हे पाहून त्याने गुरूचे इंद्रधनुष्याचे स्पष्टीकरण दुरुस्त केले. मूळ ग्रंथ तोवर लॅटिनमध्ये गेला होता. 1572 मध्ये तो बाझल येथे छापला गेला आणि युरोपातील अभ्यासकांच्या हाती पडला.

न्यूटनविषयी शाळेत सर्व शिकवले जाते, म्हणून येथे एकच गोष्ट. 1704 च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात त्याने स्पष्ट सांगितले आहे की किरण स्वतः रंगीत नसतात. अमुक रंगाची संवेदना जागी करण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते. पाठ्यपुस्तकात लोलकाचे चित्र येते, हे वाक्य येत नाही.

1789 साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्याच वर्षी, गास्पार मोंज या गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक साधा प्रयोग मांडला. तांबड्या काचेतून बाहेर पाहिले तर तांबडा कागद अधिकच तांबडा दिसावा अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात तो फिका, जवळजवळ पांढरा दिसतो. कारण त्या काचेतून पांढऱ्या वस्तूंकडूनही तांबडाच प्रकाश येत असतो. सगळीकडूनच तांबडे येते आहे असे दिसल्यावर पाहणारा तो तांबडेपणा उजेडाच्या खात्यावर टाकतो, वस्तूच्या खात्यावर टाकीत नाही. मोंजचा मुद्दा असा की, रंग एकट्या किरणावरून ठरत नाही, शेजारी काय आहे यावरून ठरतो. हा मुद्दा नंतर दीर्घकाळ अडगळीत पडला, कारण एकोणिसाव्या शतकाचे लक्ष डोळ्यावर केंद्रित झाले.

ते साहजिकही होते. 1801 साली लंडनमध्ये टॉमस यंगने कल्पना मांडली की दृष्टिपटलावर प्रत्येक रंगासाठी वेगळा ग्राहक असणे शक्य नाही, तीन प्रकारचे पुरेत. आज आपण त्यांना शंकुपेशी म्हणतो आणि ते तीनच प्रकारचे असतात हे सिद्ध आहे. त्याच्या थोडे आधी, 1794 मध्ये, मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने, म्हणजे अणुसिद्धान्ताच्या डाल्टननेच, आपल्याला इतरांसारखे रंग दिसत नाहीत असा निबंध वाचला होता. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा अशी त्याची समजूत होती, आणि मृत्यूनंतर डोळा कापून पाहावा अशी त्याची इच्छा होती. 1844 मध्ये तसे पाहिले गेले. द्रव स्वच्छ निघाला. डोळ्याचा अवशेष मात्र मँचेस्टरला जपून राहिला आणि 1995 मध्ये त्यातील डीएनए तपासून निदान झाले : मध्यम तरंगलांबीचे रंगद्रव्य त्याच्यात नव्हतेच. दीडशे वर्षांनी डाल्टनला उत्तर मिळाले.

डाल्टनची गोष्ट वाचली की मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. चित्रकलेच्या वहीत त्याने आंब्याची पाने तपकिरी रंगवली होती. मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि "झाड कधी पाहिले आहेस का?" असे विचारले. मुले हसली. तो काही बोलला नाही. पुढे काही वर्षांनी एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे वाचायला सांगितल्यावर, त्याला आणि त्याच्या वडिलांना खरे कारण कळले. ठिपक्यांचे ते तक्ते जपानच्या इशिहारा यांनी 1917 साली प्रसिद्ध केले होते आणि पाच मिनिटांत वापरता येतात. मी वर्षानुवर्षे शिक्षक होतो आणि मला ते सुचले नाही. पालकांसाठी एवढेच सांगतो की, तांबड्या-हिरव्याचा हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला काही जाणवत नसते, आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण शंभरात आठच्या आसपास आहे.

असो. रंगाचे पहिले खरे अंकगणित मांडले ते जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. 1855 च्या सुमारास त्याने पुन्हा भोवराच हाती घेतला. कागदाच्या तीन रंगीत चकत्या एकमेकींत अडकवून, कोणती किती दिसू द्यायची हे ठरवून तो भोवरा फिरवी आणि मधल्या चकतीच्या रंगाशी मेळ बसला की प्रमाणे लिहून ठेवी. अमुक भाग तांबडा, अमुक हिरवा, अमुक निळा बरोबर हा रंग : अशी समीकरणेच त्याने तयार केली. या मार्गाचा शेवट 1931 साली झाला. त्या वर्षी राइट आणि गिल्ड या दोन इंग्रज संशोधकांनी एकूण 17 व्यक्तींवर घेतलेल्या मोजमापांवरून रंगमापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. रंग, छपाई, कापड आणि पडदे यांचा जगभरचा व्यवहार त्या सतरा जणांच्या डोळ्यांवर उभा राहिला, हे सहसा कोणाला माहीत नसते.

पण हे गणित डोळ्याच्या दारापर्यंतचे होते. आत काय होते, याचा एक पुरावा 1888 मध्येच मिळाला होता. स्वित्झर्लंडमधील नेत्रवैद्य लुई व्हेरे यांच्याकडे आलेल्या एका बाईला मेंदूतील आघातानंतर दृष्टिक्षेत्राच्या अर्ध्या भागात रंग दिसेनासे झाले. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा त्याच्या मागच्या-खालच्या भागात इजा आढळली. डोळे शाबूत असूनही रंग गेला, म्हणजे रंगाचे काही काम मेंदूत होते! परंतु पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक तपासलेल्या गॉर्डन होम्स यांच्यासारख्या वजनदार वैद्यांनी ही कल्पना मानली नाही आणि व्हेरे यांची नोंद जवळजवळ विस्मृतीत गेली.

आता प्रश्न नीट मांडू. डोळ्यात येणारा प्रकाश हा एक गुणाकार आहे : दिव्याचा प्रकाश गुणिले वस्तूची परावर्तनशक्ती. आपल्याला कळतो तो फक्त गुणाकार. समजा तो 24 आला. मग आठ त्रिक चोवीस की सहा चोक चोवीस? प्रखर दिव्यातली काळपट वस्तू की मंद दिव्यातली उजळ वस्तू? दोन अज्ञात संख्या आणि समीकरण एक, हे सुटत नाही, असे आठवीचा विद्यार्थीही सांगेल. मेंदू मात्र दिवसभर ते सोडवीत असतो.

या गाठीला हात घातला एडविन लँडने. हा पोलरॉइड कंपनीचा संस्थापक, झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याचा जनक आणि हार्वर्डची पदवी न घेताच बाहेर पडलेला गृहस्थ. (विद्यार्थ्यांनी लेखातले नेमके हेच वाक्य लक्षात ठेवू नये.) 1950 नंतरच्या दशकात रंगीत फिल्मच्या कामात असताना त्याला आढळले की एका दृश्याचे दोन कृष्णधवल फोटो, एक तांबड्या प्रकाशातून आणि दुसरा साध्या पांढऱ्या, पडद्यावर एकावर एक टाकले तर केवळ गुलाबी छटा दिसण्याऐवजी हिरवे-निळ्यासारखे रंगही दिसतात. पडद्यावर नसलेला रंग पाहणाऱ्याला दिसत होता.

मग त्याने आणि जॉन मॅकॅन यांनी प्रसिद्ध प्रयोग रचला. निरनिराळ्या रंगांच्या कागदी तुकड्यांची सुमारे शंभर चौकटींची एक गोधडीच त्यांनी केली. डच चित्रकार मोंड्रियान याच्या चित्रांवरून तिला 'मोंड्रियान' हे नाव पडले. तीन प्रोजेक्टरांमधून लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीचा प्रकाश तिच्यावर टाकायचा आणि प्रत्येकाचे प्रमाण हवे तसे कमीजास्त करायचे. प्रथम एका तांबड्या तुकड्यावरून डोळ्याकडे येणारा तिन्ही प्रकारचा प्रकाश मोजला. नंतर प्रोजेक्टर असे फिरवले की हिरव्या तुकड्याकडून अगदी तेवढाच, तिन्ही आकडे जसेच्या तसे, प्रकाश येऊ लागला. भौतिकशास्त्राप्रमाणे तो आता तांबडा दिसायला हवा. तो हिरवाच दिसला. मोंजचा अडगळीतला मुद्दा आता आकड्यांसह उभा राहिला.

लँडची पुढची पायरी धाडसाची होती. पाहणारा हे कसे करतो याची त्याने कृतीच लिहून काढली. दृष्टिपटल म्हणजे 'रेटिना' आणि मेंदूची साल म्हणजे 'कॉर्टेक्स' हे दोन शब्द जोडून त्याने तिला 'रेटिनेक्स' म्हटले. 1971 मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध झाली. तिचे मर्म समजण्यास सोपे आहे. समजावण्यापुरते आकडे घेऊ. हिरवी ओढणी तांबड्या प्रकाशाचे शंभरात 20 भाग परत पाठवते आणि पांढरा कुर्ता 80. दिवसा तांबडा प्रकाश 100 असेल तर डोळ्यात येतील 20 आणि 80. दिव्याखाली तांबडा प्रकाश दुप्पट झाला तर येतील 40 आणि 160. चारही आकडे वेगळे, पण गुणोत्तर दोन्ही वेळा एकास चार! दिवा बदलला, गुणोत्तर बदलले नाही. शिवाय एका बाजूच्या दिव्याचा उजेड हळूहळू उतरत जातो, तर कापडाची कड एकदम येते. म्हणून हळू होणारे बदल सोडून द्यायचे, कडेवरची गुणोत्तरे तेवढी घ्यायची आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती गुणत जायची. असे दृश्यभर फिरून सर्वांत उजळ जागेशी तुलना करायची. हे तिन्ही तरंगपट्ट्यांसाठी स्वतंत्रपणे केले की तीन आकडे मिळतात. तो झाला वस्तूचा रंग. 1974 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील बर्थहोल्ड हॉर्न यांनी याचे गणित असे बसवले की प्रतिमेतील सर्व ठिकाणी ही क्रिया एकदमच करता यावी, पेशींच्या जाळ्यात होत असावी तशी.

मेंदूकडूनही साक्ष आली. लंडनच्या सेमिर झेकी यांनी 1973 मध्ये माकडाच्या मेंदूत रंगाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी विपुल असलेला एक भाग दाखवला. पुढे त्यांनी लँडचीच गोधडी माकडांपुढे ठेवली. दृश्यसंदेश प्रथम जेथे पोचतात तेथील पेशी तरंगलांबीनुसार चेतत होत्या. त्या पुढच्या भागातील काही पेशी मात्र माणसाला तुकडा ज्या रंगाचा दिसतो त्या रंगानुसार चेतत होत्या. व्हेरे यांच्या विस्मृतीत गेलेल्या नोंदीला शंभर वर्षांनी न्याय मिळाला, आणि तो मिळवून देण्यात झेकींचा वाटा मोठा. 1983 मध्ये लँड, नोबेल विजेते डेव्हिड ह्यूबेल आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णावर प्रयोग केला. आजारामुळे त्याच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांमधील दुवा शस्त्रक्रियेने तोडलेला होता. तुकडा दृष्टिक्षेत्राच्या एका बाजूस आणि भोवतालची गोधडी दुसऱ्या बाजूस ठेवली, तर आपल्याला होतो तो परिणाम त्याला होत नव्हता. डोळे तर अखंड होते. हिशेबाचे निदान काही काम मेंदूच्या सालीत चालते, हे यावरून ठरले.

लँडची रीत पूर्णपणे बरोबर मात्र ठरली नाही. ब्रेनर्ड आणि वँडेल यांनी 1986 मध्ये दाखवले की शेजारचे तुकडे बदलले तर रेटिनेक्सचे उत्तर माणसाच्या उत्तरापेक्षा फार बदलते. लँडवर अनेक तज्ज्ञांनी टीका केली, काहींनी तिखट भाषेत. पण त्याने प्रश्न इतका नेमका मांडला होता की टीकाकारांनाही आपली कृती आकड्यांत लिहून दाखवावी लागली. माझ्या मते त्याचे खरे कार्य हेच.

त्याच वर्षी मॅलोनी आणि वँडेल यांनी वेगळी वाट दाखवली. दोन अज्ञातांचे कोडे सुटत नाही ते कोणतीही संख्या चालेल असे धरले तर. जग तसे नाही. दिवसाच्या प्रकाशाचे 622 नमुने तपासून 1964 मध्येच असे दिसून आले होते की त्यांतले सारे फरक दोन-चार आकड्यांत सांगता येतात, आणि मुख्य फरक असतो तो पिवळ्या-निळ्याचा, उन्हाचा आणि आभाळाचा. वस्तूंच्या पृष्ठभागांचेही थोड्याफार फरकाने तसेच. मग मेंदूला चोवीसचे सर्व अवयव तपासायचे कारण नाही. नेहमीचे, संभवनीय तेवढे पाहायचे. 1997 मध्ये ब्रेनर्ड आणि फ्रीमन यांनी हे संभाव्यतेच्या गणितात बसवले. अलीकडे, 2010 नंतर, संगणकाला कोणतीही कृती न सांगता लाखो चित्रे दाखवून शिकवण्याची पद्धत आली. अशी शिकवलेली यंत्रे दिवा बदलला तरी रंग बऱ्यापैकी ओळखतात. आपल्या मोबाइलमधला कॅमेरा दिव्याखालचे फोटो आता पिवळे काढीत नाही, तो याच परंपरेतल्या हिशेबाने.

संभाव्यतेवर चालणारा हिशेब कधी अडेल, हे फेब्रुवारी 2015 मध्ये साऱ्या जगाने पाहिले. ब्रिटनमधील एका झग्याचा साधा फोटो प्रसृत झाला आणि घराघरांत दोन तट पडले. काहींना झगा निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. तो निळा-काळा होता. फोटोत उजेड कोठून आणि कसला येतो याची खूणच राहिली नव्हती. झगा सावलीत आहे असे ज्यांच्या मेंदूने धरले त्यांनी निळेपणा सावलीच्या खात्यावर टाकला आणि त्यांना कापड पांढरे दिसले. दिव्याच्या पिवळ्या उजेडात आहे असे ज्यांनी धरले त्यांना ते निळे दिसले. 1401 जणांच्या एका पाहणीत 57 टक्के निळा-काळा म्हणणारे निघाले, 30 टक्के पांढरा-सोनेरी, आणि बाकीचे आणखी काही. तेरा हजारांहून अधिक लोकांच्या दुसऱ्या पाहणीत असे दिसले की पहाटे लवकर उठणारे पांढरा-सोनेरीकडे अधिक झुकतात, बहुधा त्यांचे आयुष्य दिवसाच्या उजेडात अधिक गेल्यामुळे.

मी पहाटे उठणारा आहे आणि मला तो झगा आजही पांढराच दिसतो. माझ्या पत्नीला तो पहिल्याच नजरेत निळा-काळा दिसला. ओढणी उजेडात नेऊन बघण्याचा आग्रह आमच्या घरात तीच धरते.